नीटनेटकं पाप

आठवीत असताना भूगोलाच्या पेपरात माझी कॉपी पकडली गेली. मास्तरांनी चिठ्ठी उलगडली, चष्मा कपाळावर चढवून ती वाचली आणि मग जी थोबाडीत दिली तिचा आवाज शेजारच्या वर्गातल्या मुलींनीसुद्धा ऐकला. थोबाडीत मी विसरलो. लक्षात राहिलं ते मास्तरांचं वाक्य. ते म्हणाले, ‘‘गाढवा, कॉपी करतोस ती करतोस, आणि वर सिंधूतला धू ऱ्हस्व लिहितोस?’’

ती थोबाडीत कॉपी केल्याबद्दल होती की कॉपी वाईट केल्याबद्दल होती, याचा उलगडा मला कधी झाला नाही. मास्तरांना विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर दुसऱ्या गालाचा भूगोल बदलला असता. पण प्रश्न तसाच राहिला. जे काम मुळात करूच नये, ते करायचंच ठरलं तर नीट करावं की कसंतरी? नीट केल्यानं त्यातलं पाप थोडं कमी होतं, की उलट वाढतं?

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला आणि असले प्रश्न पडायला लागणारी फुरसत संपली. निवृत्त झाल्यावर फुरसत परत मिळाली, पण प्रश्न परत आला नाही. तो आला एकदम कॅनडात. तोसुद्धा मुलाच्या स्वयंपाकघरात, काचेच्या पेल्यात बसून.

त्याचं असं झालं. आम्ही उभयता चिरंजीवांकडे ओंटारिओत तीन महिन्यांसाठी गेलो होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी मी रक्तदाबाची गोळी जिभेवर ठेवली आणि ओट्यावरचा पाण्याचा पेला उचलला. ओठापाशी नेतो तोच नाकात दवाखाना शिरला. इंजेक्शनच्या आधी दंडाला चोळतात ना, अगदी तो वास! पेल्यात डोकावून पाहिलं तर तळाशी कोटाच्या बटणाएवढ्या पाच-सहा गोल जाळ्या पडलेल्या.

‘‘बाबा, थांबा! ते पाणी नाहीये!’’ सूनबाई जिन्यावरूनच ओरडली.

‘‘मग काय आहे?’’

‘‘ते... त्याचं आहे.’’

सुनेनं नवऱ्याला ‘तो’ म्हणण्याचा मला आता सराव झाला आहे. पण या ‘त्याचं’मध्ये जरा जास्तच अंतर होतं. आमच्या लहानपणी घरातल्या बायका काकांच्या तपकिरीच्या डबीबद्दल याच स्वरात बोलत. मी गोळी कोरडीच गिळली आणि संध्याकाळची वाट पाहत बसलो.

संध्याकाळी चिरंजीव ऑफिसातून आले. मी पेला पुढे केला. बेचाळीस वर्षांचा, कानांवरचे केस पिकायला लागलेला माझा मुलगा एका क्षणात आठवीत गेला. म्हणाला, ‘‘बाबा, सांगणारच होतो. व्हेपोरायझरच्या जाळ्या आहेत त्या. धुवायला टाकल्यात.’’

‘‘कशाचा रायझर?’’

मग त्यानं तळघरातून एक वस्तू आणून टेबलावर ठेवली. दिसायला जाडजूड फाउंटन पेन. पोटात एक छोटी वाटी, वाटीखाली विजेवर तापणारा भाग, वर ओढायची नळी. वाटीत वाळलेला पाला बारीक करून भरायचा. यंत्र तो साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत तापवतं, म्हणजे जळण्याच्या बरंच अलीकडे थांबवतं. पाला पेटत नाही, त्यातला अर्क तेवढा वाफेबरोबर निघून येतो. धूर नाही, राख नाही. मागे उरतो तो चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी भुगा.

‘‘आणि हा पाला कसला?’’ मी विचारलं. उत्तर मला कळलं होतं. पण बापानं विचारायचं असतं.

‘‘बाबा, इथे कायदेशीर आहे. १७ ऑक्टोबर २०१८ पासून.’’

माझ्या लग्नाची तारीख या मुलाला विचारा, सांगता येणार नाही. गांजा कायदेशीर झाल्याची तारीख मात्र मुंजीच्या मुहूर्तासारखी पाठ!

आता एखाद्या जुन्या नाटकातला बाप असतो तर मी छातीवर हात ठेवून कोचावर कोसळलो असतो. पण कायद्याचा मुद्दा आला की आम्हा भारतीयांनाही फार कोसळता येत नाही. इंग्रज सरकारनं १८९३-९४ साली याच विषयावर एक चौकशी आयोग नेमला होता. त्यानं थोडेथोडके नव्हे, १,१९३ साक्षीदार तपासले आणि सात खंडांचा अहवाल लिहून निष्कर्ष काढला, की बेतानं घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, अतिरेक करणाऱ्याचं बिघडतं; सबब बंदी नको, कर आणि नियंत्रण पुरे. त्यामुळे स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं आपल्याकडे सरकारी परवान्याची गांजाची दुकानं होती. अमली पदार्थांचा कडक कायदा आला तो १९८५ साली. त्या कायद्याच्या व्याख्येतूनही भांगेची पानं निसटली ती निसटलीच. तेव्हा ज्या देशानं पान सोडून फुलाला तुरुंगात टाकलं, त्या देशाच्या नागरिकानं कॅनडाच्या कायद्यावर काय बोलावं? जाळत नाही म्हणून धुराचा त्रास कमी होतो हे खरं. निरुपद्रवी मात्र तेही नव्हे, हे मी मुलाला सांगितलं आणि त्यानं ते मान्य केलं. बापाचं कर्तव्य एवढ्यावर संपायला हरकत नव्हती.

पण घात झाला. चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे. जाळी नीट काम देत नाही.’’

इथे मला स्वतःबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. माझी सगळी नोकरी बांधकाम खात्याच्या माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे आम्ही दिवसभर एकच काम करत असू: चाळणं. वर मोठ्या भोकांची चाळण, खाली तिच्याहून बारीक, त्याखाली आणखी बारीक, असा मनोरा रचायचा, वरून माती ओतायची आणि हलवायचं. ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिली ती खडी, तिच्यातून खाली पडून ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर राहिली ती वाळू, त्याच्याही खाली गेली ती गाळमाती. जगातल्या यच्चयावत वस्तूंचे मी हे तीनच भाग पाडू शकतो. लोक मला लग्नाला बोलावतात तेव्हा मी पंगतीतल्या मसालेभाताकडेसुद्धा याच नजरेनं पाहतो. निवृत्त झाल्यापासून जाळीच्या भोकांबद्दल मला कुणी चकार शब्द विचारला नव्हता. आणि आज माझ्या पोटचा पोरगा मला विचारत होता!

‘‘काय त्रास आहे?’’ मी चष्मा पुसत म्हणालो. त्या क्षणी बाप खोलीतून निघून गेला आणि प्रयोगशाळेचा निवृत्त कर्मचारी येऊन बसला.

त्रास असा होता. वाटीच्या तळाला आणि नळीच्या तोंडाशी एकेक जाळी असते. जाळी बारीक घ्यावी तर चिकट अर्कानं भोकं बुजतात आणि ओढताना दम लागतो. जाडी घ्यावी तर भुगा तोंडात येतो. ‘‘मी ६० नंबरची लावतो,’’ चिरंजीव म्हणाले, ‘‘पण दोन दुकानांतल्या ६० नंबरच्या दोन जाळ्या वेगवेगळ्या वागतात.’’

‘‘वागणारच!’’ मी टेबलावर थाप मारली. ‘‘अरे, नंबर म्हणजे इंचात किती भोकं ते. भोक केवढं, ते नंबर सांगत नाही. ते तारेच्या जाडीवर ठरतं. ६० नंबरच्या जाळीची तार ०.१९ मिलिमीटर असली तर उघडी जागा निघते जेमतेम तीस टक्के. तीच तार ०.११ असली की पंचावन्न टक्के! नंबर एकच, पण एक दार अर्धवट लोटलेलं आणि दुसरं सताड उघडं.’’

चिरंजीव माझ्याकडे पाहत राहिले. शाळेत असताना मी त्याला गणित शिकवायचो तेव्हा तो खिडकीबाहेर पाहायचा. आयुष्यात पहिल्यांदा माझा मुलगा माझं बोलणं कागदावर उतरवून घेत होता. तुम्हीच सांगा, अशा वेळी कुठला बाप उपदेश करेल?

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं तळघरात बसायला लागलो. अंगणात डासांच्या जाळीचा एक तुकडा पडला होता, तो कापू या म्हणालो, तर चिरंजीवांनी माझा हात धरला. जस्ताचा मुलामा असलेली जाळी तापवायची नाही, तिची वाफ विषारी. स्टेनलेस स्टीलच पाहिजे. शिवाय नव्या जाळीवर कारखान्यातलं तेल असतं, तेव्हा ती धुऊन आधी एकदा लाल तापवून घ्यायची. पोराला तेवढं ज्ञान होतं. मला बरं वाटलं. गांजा ओढत असला तरी आमचा मुलगा निष्काळजी नाही!

मग मी जाळीला खोलगट करायची युक्ती काढली. सपाट चकती म्हणजे वाया घालवलेली जागा. तीच वाटीसारखी दाबली की तेवढ्याच तोंडाला जास्त पृष्ठभाग मिळतो. पंधरा मिलिमीटरची चकती मध्यभागी तीन मिलिमीटर खोल केली तर हिशेबानं सोळा टक्के वाढतात. हवा मधूनच नव्हे, चहूबाजूंनी येते आणि भोकं बुजायलाही वेळ लागतो. दाबायला नातवाची काचेची गोटी घेतली, साचा म्हणून माझ्या औषधाच्या बाटलीचं बूच घेतलं आणि ऐरण म्हणून पोळपाट. तेवढ्यात आमची सौ. खाली आली.

‘‘अहो, हे काय चाललंय माझ्या पोळपाटावर?’’

‘‘औषधी वनस्पतीचं यंत्र आहे,’’ मी म्हणालो. या वाक्यात खोटा असा एकही शब्द नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

तिनं बारीक केलेला पाला चिमटीत घेऊन पाहिला. ‘‘इतका बारीक रवा घेतलात तर खालून गळणारच. लापशीचा असतो तसा जाडसर ठेवा,’’ एवढं बोलून ती पोळपाट घेऊन वर गेली. प्रयोगशाळेतल्या माझ्या सगळ्या नोकरीत असा नेमका शेरा कुणी दिला नव्हता. आम्ही जाडसर ठेवला. शिवाय खालची जाळी एका स्टीलच्या कड्यावर उचलून घेतली, म्हणजे वाटी लहान झाली आणि जिथे पूर्वी ०.२ ग्रॅम पाला लागायचा तिथे ०.१ पुरू लागला. रात्री चिरंजीवांनी यंत्र ओढून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘बाबा, फर्स्ट क्लास!’’

दहावीला त्याला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

आनंद पुरला रात्री अकरापर्यंत. अंथरुणावर पडलो आणि आठवीतल्या त्या मास्तरांनी अंधारातून विचारलं, ‘‘काय रे, आज काय केलंस?’’ काय केलं होतं मी? पोटच्या पोराचं व्यसन बापानं स्वहस्ते अधिक कार्यक्षम करून दिलं होतं! इतर बाप मुलाची सिगारेट हिसकावून घेतात. मी तिला फिल्टर बसवून दिला होता.

अशा वेळी विद्वान माणसं गीतेकडे धाव घेतात. मीही घेतली. गीतेनं कर्मातल्या कौशल्याला योगाचा मान दिला आहे. मी खूश झालो. पण मग आठवलं, की तिथलं कौशल्य म्हणजे हातचलाखी नव्हे, फळाचा लोभ सोडून केलेलं काम, असं जाणकार सांगतात. आमच्या जाळीच्या कामात तर फळाखेरीज दुसरं काहीच नव्हतं. गीता मिटली.

मग आठवला शर्विलक. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला तो चोर. त्याच्याएवढा माझा नातेवाईक दुसरा कोण असणार? तोही भोकांचाच माणूस! मध्यरात्री चारुदत्ताच्या घरापाशी येतो. सरळ भिंत फोडून आत शिरावं की नाही? पण नाही. हा उभा राहून विचार करतो, की भोक कुठल्या आकाराचं पाडू? कमळाचं? सूर्याचं? चंद्रकोरीचं? स्वस्तिकाचं? भाजलेल्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभ शोभेल, असं ठरवतो. उद्या सकाळी गावानं येऊन भोकाचं कौतुक केलं पाहिजे, ही त्याची इच्छा. मोजायची दोरी घरी विसरलाय म्हणून गळ्यातलं जानवं काढून त्यानं माप घेतो. म्हणजे पाप करायला पुण्याची दोरी! आणि सकाळी गंमत पाहा. ज्याचं घर फोडलं तो चारुदत्त उठतो आणि पहिल्यांदा काय करतो, तर भोक किती सुबक आहे याचं कौतुक करतो. माझ्या मास्तरांचा पूर्वजच तो!

शर्विलकामुळे मला जरा धीर आला. म्हटलं, कारागिरीला स्वतःची अशी एक अब्रू असते. वाईट कामातही ती माणसाला थोडं सरळ ठेवते. आणि इथे तर चोरी नाही, उलट काटकसर आहे. निम्म्या पाल्यात काम भागतंय. म्हणजे मी व्यसन निम्मं केलं! बापानं मुलाचं निम्मं व्यसन सोडवलं, असं मी कुठेही छातीठोकपणे सांगू शकत होतो. या विचारानं मला उत्तम झोप लागली.

पण काटकसरीचं एक फार जुनं दुखणं आहे. १८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं कोळशावर एक पुस्तक लिहिलं. लोकांना वाटत होतं, की वाफेची इंजिनं सुधारली की कोळसा कमी लागेल. जेव्हन्स म्हणाला, उलटं होतं. इंजिन काटकसरी झालं की ते परवडायला लागतं, परवडलं की दहा ठिकाणी बसतं आणि शेवटी एकूण कोळसा पूर्वीपेक्षा जास्तच जळतो. आमच्या घरात याचा पुरावा आहे. चपलांच्या दुकानात सेल लागला, की सौ. चा खर्च वाढतो.

तेव्हा हिशेब तपासणं भाग होतं. पाल्याची डबी ३.५ ग्रॅमची असते. जुन्या मापानं रोज ०.२ म्हणजे सतरा दिवस पुरणार. नव्या मापानं ०.१ म्हणजे पस्तीस दिवस. चिरंजीव ऑफिसला गेले की मी तळघरात जाऊन स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या इवल्या काट्यावर डबी तोलायचो. हे करताना मला लाज वाटत होती हे कबूल करतो. पण शास्त्रीय कुतूहल असलं की लाज ७५ मायक्रॉनच्या खाली जाते. आठ दिवसांनी पाहतो तर डबी बरोब्बर निम्मी! आठ दिवसांत पावणेदोन ग्रॅम. म्हणजे रोज ०.२ च्या वरच. निम्म्या मापाची सुधारणा कुठे गेली?

ती कुठे गेली ते त्याच रात्री कळलं. माझ्या वयाच्या माणसाला रात्री दोनला एकदा उठावंच लागतं. उठलो, तर तळघराच्या जिन्यावर उजेड. खाली गेलो. चिरंजीव खुर्चीत एकटेच बसलेले. समोर यंत्र, त्याचा हिरवा दिवा लागलेला. एक फेरी दहाला व्हायची. दुसरी ही दोनची. म्हणजे जाळीनं वाचवलेला पाला रात्रीच्या दोन वाजता खर्ची पडत होता.

मला का कोण जाणे, गावाकडची चिलीम आठवली. लहानपणी आमच्या देवळाच्या ओट्यावर चार-पाच म्हातारे बसत. मातीची चिलीम, आत अडसर म्हणून एक खडा, खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी. शेकडो वर्षांत त्या खड्यात आणि छापीत कुणी सुधारणा केली नाही. भोक बुजलं तर काडीनं टोकरायचं, संपलं. कारण त्यांचं लक्ष चिलमीकडे नसायचंच. चिलीम या हातातून त्या हातात जायची आणि तिच्याबरोबर कुणाची गाय व्यायली, कुणाचा मुलगा मुंबईला गेला, कुणाची विहीर आटली हे सगळं जायचं. ते म्हातारे फार शहाणे होते किंवा त्यांच्या छातीचं भलं झालं असं मी म्हणत नाही. खोकून खोकून बेजार असत बिचारे. पण तिथे एकटा कुणी बसलेला मी पाहिला नाही. आमच्या चिरंजीवांचं यंत्र शंभर पटींनी सुधारलेलं, पण ते फिरवायचं कुणाकडे?

मला पाहून तो दचकला. मग सावरून, वाटीतून जाळी काढून दिव्यापाशी धरत म्हणाला, ‘‘बाबा, बरं झालं आलात. ही कडेला जरा बुजतेय. ५० नंबरची लावू या का?’’

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. ५० नंबर चालेल, पण तार कितीची आहे ते बघ, असं मी म्हणणारच होतो. आणि मला एकदम चारुदत्त दिसला, फोडलेल्या भिंतीसमोर उभा राहून भोकाची तारीफ करणारा. पंधरा दिवस मी दुसरं काय करत होतो?

‘‘जाळी राहू दे,’’ मी म्हणालो. ‘‘तुला झोप का येत नाही?’’

बराच वेळ तो बोलला नाही. जाळी बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘‘बाबा, मागच्या वर्षी माझी नोकरी गेली होती. चार महिने घरी होतो.’’

‘‘अरे! पण दर रविवारी फोनवर तर तू...’’

‘‘सगळं ठीक म्हणत होतो. माहितीये. आता दुसरी लागलीय, बरी आहे. पण रात्री दोनला जाग येते आणि वाटतं, सकाळी पुन्हा ती मेल आलेली असेल.’’

मी खुर्ची ओढून बसलो. बापानं अशा वेळी रागवायचं असतं, की आम्हाला का सांगितलं नाहीस, आम्ही काय परके? शब्द ओठांवर आले होते. पण मला आठवलं, की माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी या पोराला तीन महिन्यांनी सांगितलं होतं. तेसुद्धा ‘मध्ये थोडा गॅस झाला होता’ एवढंच. पुढचं त्याला आईकडून कळलं. म्हणजे चाळण्यांचा कारखाना आमच्या घरातच होता. मुलानं फक्त घराण्याचा धंदा पुढे चालवला होता.

हे मी त्याला सांगितलं. तो हसला. मग आम्ही दोघंही हसलो. वरून सौ. नं ओरडून विचारलं, ‘‘कोण आहे खाली?’’ तेव्हा तो म्हणाला, ‘‘आम्ही आहोत आई, जाळी साफ करतोय.’’ त्यानंतर साडेतीनपर्यंत आम्ही बोलत बसलो. यंत्राचा हिरवा दिवा वाट पाहून पाहून आपोआप विझला. त्यात तशी सोय आहे.

लहानपणी मी ‘मृच्छकटिक’ पाहिलं तेव्हा मला ते भोक आवडलं होतं. मोठेपणी वाचलं तेव्हाही भोकच आवडलं. परीक्षेत प्रश्न येतो तोही त्या भोकावरच. पण शर्विलकानं ते पाडलं कशासाठी? तर मदनिकेसाठी. त्याची मदनिका वसंतसेनेकडे दासी होती आणि तिला सोडवायला त्याच्याकडे पैसे नव्हते. कमळ, सूर्य, पूर्णकुंभ हे सगळं त्या रात्री त्याच्या हातांना मिळालेलं काम होतं. मनात मदनिका होती. चोरी ती चोरीच, हे मी नाकारत नाही. पण भोकाचे आकार मोजत बसणाऱ्यांनी मदनिकेची चौकशी केली नाही, हेही तितकंच खरं.

तेव्हा मास्तरांच्या प्रश्नाचं माझं उत्तर आता असं आहे. वाईट काम नीट केल्यानं ते चांगलं होत नाही आणि फारसं जास्त वाईटही होत नाही. पण नीट करण्यात एक धोका आहे. त्यात मन इतकं रमतं, की ते काम का करतोय हे करणाऱ्यालाही आठवत नाही आणि पाहणाऱ्यालाही विचारावंसं वाटत नाही. मास्तरांनी माझा धू पाहिला. मला भूगोल का येत नव्हता, हे त्यांनी विचारलं असतं तर कदाचित कळलं असतं, की त्या वर्षी मी रोज सकाळी दुधाचा रतीब घालून अर्ध्या तासानं वर्गात पोचत होतो आणि भूगोलाचा तास पहिला असायचा. पण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. जाळी दोन्हीकडून लागलेली होती.

मुलानं यंत्र टाकून दिलं, असं सांगून मी या लेखाचा शेवट गोड करू शकलो असतो. पण त्यानं ते टाकलेलं नाही. दोनची फेरी मात्र बंद झाली आहे, असं तो म्हणतो. डबी तोलायला मी आता तिथे नाही, तेव्हा विश्वास ठेवतो. गोटी मी नातवाला परत केली, बूच बाटलीला लावलं आणि पोळपाट सौ. नं तीन वेळा गरम पाण्यानं धुतला. वनस्पती कुठली होती हे तिला विमानात कळलं. त्यानंतर मुंबईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

दर रविवारी फोन येतो. ‘‘कसा आहेस?’’ मी विचारतो. ‘‘सगळं ठीक,’’ तो म्हणतो.

‘‘किती नंबरची चाळण लावलीस?’’

पलीकडे जरा शांतता पसरते. मग तो म्हणतो, ‘‘थांबा बाबा, काढतो.’’ आणि बोलायला लागतो. आपलं झालं की मला विचारतो, ‘‘आता तुमची काढा.’’ मी सौ. कडे पाहतो आणि गेल्या आठवड्यात जिन्यावर चक्कर आली होती ते सांगून टाकतो.